प्रमिलाबाईंची ओट्यावरची शाळा

सगळ्यात आधी आली ती दुर्गा. दुर्गा म्हणजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत. गल्लीत पाहुणा येवो की नळाला पाणी, पहिली खबर तिला. त्या शनिवारी पदर खोचून धावतच आली आणि म्हणाली, "शांते, शाळेपुढं पांढरी गाडी थांबली वं! एक साहेब अन् एक मॅडम. साहेब मैदानाकडं पाहून राहिला, मॅडम फोटो काढून राहिली. बिल्डरचेच माणसं हायेत. पोट्टे आत घे!"

मी पोट्टे आत घेतले आणि कडी लावली.

पण असं मधूनच सांगितलं तर वाचणाऱ्यांना काय कळणार? देविदास गुरुजींनी मला बजावलं आहे, "आजी, हा गौरवग्रंथ आहे. आधी बाईंची पहिली ओळख लिहा." लिहिते. पण त्या शनिवारपासून मन ठिकाणावर नाही. भाजी फोडणीला टाकते आणि मीठ विसरते.

आदरणीय प्रमिलाबाईंना या वर्षी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आमची वस्ती विणकरांची. माग आता दोन-चार घरांत उरले, पोरं दुकानांत आणि हापिसांत गेली. पण ही पहिली ते चौथीची शाळा वस्तीनं स्वतः उभी केली आणि बाईंनी सगळी नोकरी तिथंच केली. निवृत्त झाल्या तरी घंटेच्या आधी हजर असतात. देविदास गुरुजी आता मुख्याध्यापक आहेत, तेही बाईंच्याच हाताखाली शिकलेले. बाई खोलीत आल्या की अजूनही उठून उभे राहतात.

माझी आणि बाईंची ओळख भांडणातून झाली. मुलगा गांधीबागेत कापडाच्या दुकानात, सून मनीषनगरच्या दवाखान्यात, त्यामुळं नात आरोही माझ्याजवळ. पहिलीत गेली आणि वर्गात तोंडच उघडेना. कोणीतरी मला सांगितलं, तिला मागच्या बाकावर बसवलं. मी तशीच चप्पल घालून निघाले आणि वर्गाच्या दारातून ओरडले, "काहून वं बाई, माह्या नातीले मागं काहून बसवलं?" मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईंना 'वं' म्हणाले, पहा!

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शांताबाई, मागं ती आपणहून बसते. तुम्ही जरा तिच्याजवळ बसा." त्या इवल्या बाकात माझे गुडघे मावेनात. पण आरोही फळ्यावरचं सगळं माझ्या कानात पुटपुटून वाचायला लागली. बाई दुरून बघत होत्या. सुटी झाल्यावर म्हणाल्या, "हिला वाचता येतं. ऐकणारं माणूस हिच्या ओळखीचं पाहिजे. शनिवारी हिला तुमच्या ओट्यावर पाठवते."

तिथून सुरू झाली ओट्यावरची शाळा. आधी आरोही एकटी, मग तिची मैत्रीण, मग सगळे वर्ग. शनिवारी प्रार्थना झाली की मुलं दोघं-तिघं मिळून गल्लीत निघतात आणि ठरलेल्या ओट्यावर आजी-आजोबांना वाचून दाखवतात. बाई आणि गुरुजी ओट्याओट्यावर फिरतात. आमच्यासारख्या दुसरी शिकलेल्या बायांचं विसरलेलं वाचणं परत आलं ते असं. आरोही माझं बोट धरून ओळीवर ठेवते आणि म्हणते, "आजी, घाई नको करू."

बाईंचा नियम एकच, ऐकताना हातात काम नको. एकदा मी अंबाडीची भाजी निवडता निवडता हूं हूं करत होते. बाईंनी माझ्या मांडीवरचं सूप उचललं, स्वतः पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाजी मी निवडते. तुम्ही ऐका." सगळी अंबाडी निवडून दिली हो, देठ न देठ! त्या दिवसापासून शनिवारी मी सुपाला हात लावत नाही.

शाळेचं काय काय सांगू? तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल स्वतः रंगवतात, आणि बाई प्रत्येक बैलापुढं थांबून त्याचं नाव विचारतात. लंगडीत आमच्या पोरींनी मोठ्या मोठ्या शाळांना हरवून ढाल आणली. चौथीतून गेलेली मुलं पुढं शिष्यवृत्तीत झळकतात. आणि माझी मुकी आरोही गेल्या गॅदरिंगला माइकपुढं उभी राहून बोलली. खाली उतर म्हणून खुणा कराव्या लागल्या.

बाईंचे उपकार तर घराघरात आहेत. आमचे हे मेडिकलमध्ये भरती होते तेव्हा मी दवाखान्यातच होते. सून ड्यूटीवर. बाईंनी आरोहीला आपल्या घरी नेलं. रोज डबा पाठवायच्या, त्यात माझ्यासाठी वेगळी बिनतिखटाची भाजी, कारण माझं पोट बिघडलं होतं. हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. दुर्गाच असेल.

आता त्या शनिवारचं. गल्लीतली बरीच पोरं अलीकडं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. आमचा पट उतरला. वरून बोलणं आलं की ही शाळा बंद करून मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालायची. तो रस्ता मला ओलांडता येत नाही, पहिलीचं लेकरू काय ओलांडणार? त्यातच मैदानावर बिल्डरचा डोळा आहे अशी हूल उठली. मग आम्ही बायांनी आपसात ठरवलं की अनोळखी माणूस आला तर काहीच सांगायचं नाही. बाईंना हे ठाऊक नव्हतं.

साहेब आणि मॅडम शाळेत गेले. शनिवार, म्हणून वर्ग रिकामे; बाई पलीकडच्या गल्लीतल्या ओट्यांवर, गुरुजी बैठकीला गेलेले. गल्लीत आले तर सगळी दारं बंद. ओट्यावर एकटी दुर्गा, पहारेकऱ्यासारखी. मी दाराआडून ऐकत होते.

साहेब म्हणाले, "आजी, या शाळेतली मुलं कुठं आहेत?"

"कोणते मुलं गा? इथं मुलंबिलं नाईत."

"मग शाळा भरते की नाही?"

"आमाले काय ठाऊक, बाप्पा!"

वा दुर्गे, मी मनात म्हटलं. तेवढ्यात आरोही माझा हात ओढून कुजबुजली, "आजी, ते बिल्डर नाहीत. तपासणीचे साहेब आहेत. गुरुजी म्हणाले होते, कधीही येतील."

"अवं मंग आधी काहून नाई सांगितलं?"

"तू माझ्या तोंडावर हात ठेवला होता ना!"

शाळेत मुलं आहेत की नाहीत तेच पाहायला आलेल्या माणसांपासून आम्ही मुलं लपवली होती. मी कडी काढली तर समोर बाई आलेल्या. साहेब त्यांना म्हणत होते, "वर्गात एक मूल नाही, आणि वस्ती म्हणते मुलंच नाहीत. मी काय लिहू?"

बाईंनी दुर्गाकडं पाहिलं. दुर्गानं जमिनीकडं पाहिलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "यांनी खोटं सांगितलं. तुम्ही शाळेची जागा घ्यायला आलात असं यांना वाटलं असेल. चला, मी दाखवते." आणि त्या दारोदार निघाल्या. प्रत्येक दाराशी थांबून एवढंच म्हणायच्या, "मी आहे. बाहेर येऊन वाचा." दुर्गाच्या घरातून तिचा नवरा महादेवभाऊ तिघांना घेऊन आले. एका घरातली मुलं मागाच्या खाली बसली होती, तिथून निघाली ती केसांत सूत घेऊन. पाहता पाहता ओटे भरले.

मॅडम माझ्या ओट्यावर टेकल्या आणि मोबाइल पुढं धरला. आरोही वाचता वाचता थांबली. "मॅडम, ऐकताना हातात काम नसतं ठेवायचं." मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि धडा संपेपर्यंत बसून राहिल्या.

साहेब माणूस वाईट नाही. बाईंना म्हणाले, "मला हे आवडलं. पण पट मला वर्गात मोजावा लागतो. ओट्यावर मोजला तर मलाच जाब विचारतील. आज मी काही लिहीत नाही. पुन्हा येतो."

दुर्गाला आता कंठ फुटला. "साहेब, चहा घेऊन जा ना गा."

"तुम्हीच म्हणालात ना, इथं काही नाही?"

"मुलं नाई म्हटलं. चहा नाई, असं कोण म्हटलं?"

मॅडम हसल्या. साहेबांनी चहा काही घेतला नाही, आणि तेच मला डाचतं आहे.

संध्याकाळी बाई आमच्याकडं आल्या. आम्ही दोघी खाली मान घालून बसलो. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी नाव विचारा, मग खोटं बोला." आणि दुखरे गुडघे दाबत उठून घरी गेल्या. ज्या बाईंनी आयुष्यभर आमची लेकरं शिकवली, त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या शाळेला कुलूप लागलं आणि ते आमच्यामुळं लागलं, तर कोणत्या तोंडानं हार घालायचा? मी आणि दुर्गा रोज घरोघर फिरून मुलं वर्गात पाठवा म्हणून सांगून येतो. ज्यांचं मामाच्या गावाला जायचं ठरलं होतं त्यांचं जाणं दुर्गानं परस्पर रद्द केलं. एका सुनेनं बसची शाळा सोडवून पोरगा इकडं घालते म्हटलं आहे. घातला नाही अजून. उद्या पुन्हा जाणार आहे तिच्याकडं.

गुरुजी दारात उभे आहेत, कागद मागताहेत. तर बाईंसाठी माझं मागणं देवाजवळ असं, की गुडघे थोडे हलके होवोत, नजर अशीच राहो, आणि आरोहीच्या नातीनं ओट्यावर बसून वाचून दाखवावं इतकं आयुष्य त्यांना मिळो. कानही तेव्हा असेच तिखट असू देत. आम्हा सगळ्या बायांचा त्यांना नमस्कार.

साहेब आणि मॅडम येत्या सोमवारी, प्रार्थनेच्या वेळेला, पट मोजायला येतो म्हणाले आहेत.