मामाचं वल्हं तुटलेलं नव्हतं

गेल्या दसऱ्याच्या आदल्या रविवारी, सकाळी, कुंडलिकेच्या काठावर भर माईकवरून माझ्या मामावर अन्याय झाला, आणि करणाऱ्यांनी वर टाळ्याही वाजवल्या. सबंध रायगड जिल्ह्यात मामाइतका भांडखोर माणूस नाही, हे मान्य. पण त्या दिवशी तो बरोबर होता.

मामा पेणचा. रामवाडीजवळच्या कारखान्यात गणपती रंगवतो. जन्म गोणपाटावर गुडघे टेकण्यात गेला, त्यामुळे पाय पसरून बसणं त्याला जमतच नाही. एकदा रोह्याकडे गेला असताना नदीत गुडघ्यांवर बसून होडी वल्हवणारा माणूस त्याने पाहिला आणि घरी परतला तो बिघडूनच; तसलीच होडी घेऊन वल्हवायला शिकला. कयाकमध्ये पाय लांब करून बसतात, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. कनूत गुडघ्यांवर बसतात, पातं एकच. खळाळत्या पाण्यातल्या या होड्या दोन्ही वरून झाकलेल्या, म्हणून लोक सरसकट कयाक म्हणून मोकळे होतात. मामाला ते खपत नाही. हायवेवरच्या खांब गावातल्या हॉटेलात वेटरने नुसतं "कयाकवाले काका, चहा?" विचारलं, तर हा भर वाटेत गुडघे टेकून हॉटेलचाच झारा वल्हवायला लागला. "काका, उठा, गिऱ्हाईक खोळंबलंय!" "आधी बोल, ही होडी काय हाय?" "कनू, कनू! झारा द्या." मामी शेजारणीला सांगते, "देवापुढं कधी एवढा टेकला नाय गो!"

डॉक्टरांनी गुडघे बघून हा शेवटचा हंगाम म्हणून बजावलं होतं. त्या रविवारी कुंडलिकेत होड्यांची शर्यत होती. तिच्यात मामाला नंबर नको होता. माईकवर एकदा 'कनू' ऐकायचं होतं. धरणाचं पाणी सुटलं, होड्या निघाल्या, आणि सगळ्या कयाकांच्या मागून मामा एकटा आला, ताठ. माईकवाला ओरडला, "अर्धं वल्हं तुटलं तरी न हरलेले आपले कयाकवाले काका!" लगेच जिद्दीचा चषक पुढे.

"तुटलं नाय रे, एवढंच असतं!"

"लाजू नका काका, घ्या."

मामाने चषक टेबलावर ठेवला आणि निघाला. गाडीत वडखळपर्यंत वल्हं मांडीवर धरून बसला. मग म्हणाला, "वरून सारखंच दिसतं रे. त्यांची तरी काय चूक?" तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

चूक आहे. समोरचा माणूस सांगतोय, ते ऐकायचं नाही, ही चूकच आहे. होडी आता कारखान्यात गणपतींच्या रांगेशेजारी पालथी पडलीय. तुम्ही कधी कुंडलिकेच्या काठी थांबलात, तर फोटो काढण्याआधी वल्हं बघा. पातं एकच असेल, माणूस गुडघ्यांवर असेल, तर मोठ्याने 'कनू' म्हणा. होडीत मामा नसेल. तरी म्हणा.