डोळ्यांत पाहण्याचा कायदा

ऐंशीच्या दशकात मांडवीच्या किनाऱ्यावर जर्मन पद्धतीचा बिअर हॉल निघाला, तेव्हा त्याच्याविरुद्ध मी जिल्हाधिकाऱ्यांना चार अर्ज केले. कारण म्हणून देवळापासूनचे अंतर दाखवले. खरे कारण असे, की वीस वर्षे माझ्यासोबत किनाऱ्यावर फिरणारा माझा मित्र आप्पा संध्याकाळी तिथे बसू लागला होता.

पाचव्या अर्जासाठी पुरावा आणि तिथल्या नोकरांची नावे गोळा करायला मी स्वतः गेलो. लांब बाकावर बसून आप्पा एका खारवी वाढप्याशी हसत बोलत होता. जर्मन बोटींवर खलाशी म्हणून उमर घालवलेला तो खारवी एका हातात चार मग घेऊन येई आणि आप्पाचा मग आठवणीने त्याच्या उजव्या हाताशी ठेवी. ती बडदास्त पाहून माझा जळफळाट झाला.

मी सोडा मागवला आणि आप्पाच्या मगाला ग्लास टेकवला.

“असा नाय, भाऊ,” खारवी म्हणाला. “गलास लावताना समोरच्याच्या डोल्यात बगायचा. जर्मन लोकांचा कायदाच हाय तो.”

“कलम कितवे?”

“अरे, बघ की! फी लागत नाही,” आप्पा हसला.

मी पाहिले. त्याच्या डाव्या बुबुळावर पांढुरका पडदा होता.

“त्या बाजूचा कायच दिसत नाय त्यांना,” खारवी हलकेच म्हणाला. “तुमी रोज संगाती फिरायचात ना?”

वीस वर्षे मी समुद्राकडे पाहत बोलत आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आप्पाला त्या हॉलच्या दारापर्यंत मीच पोहोचवू लागलो, त्याच्या डाव्या बाजूने चालत. पाचवा अर्जही पाठवला. त्यात खारव्याचे नाव मात्र घातले नाही.