अण्णांनी मला विचारलं होतं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. भावाला नाही, आईला नाही. इतकी वर्षं झाली, एकदाही तोंडातून बाहेर पडलेलं नाही. दोनदा-तीनदा ओठापर्यंत आलं — आणि मी भलतंच काहीतरी बोलले. आज तुमच्यापुढं बसलेय. तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी धाराशिवला ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवते. माहेर मुरुमचं. वडिलांचं नाव माधवराव, आम्ही अण्णा म्हणायचो. बस कंडक्टर होते. उभं आयुष्य नियमानं चाललेला माणूस. निवृत्त झाल्यावर महेशनं, माझ्या धाकट्या भावानं, त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, आणि दिवाळीला गेले तेव्हा तो वापरायला मी शिकवलं. तीन दिवसांत शिकले. शाळेतल्या जुन्या सोबत्यांचा ग्रुप होता, त्यात जाऊन बसले.

पहिल्या-पहिल्यांदा आलेला प्रत्येक मेसेज त्यांना खरा वाटायचा. छापून आल्यासारखं दिसतंय, म्हणजे कुणीतरी तपासलंच असेल ना? एकदा ग्रहणात फोन चार्जिंगला लावला की फुटतो, असं आलं. अण्णा गल्लीत घरोघरी जाऊन सांगत फिरले. पोरं हसली. एका घरात तर तोंडावर हसले. अण्णांना ते लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं आई फोनवर म्हणाली.

तेव्हा मीच त्यांना म्हणलं, "अण्णा, इथून पुढं काहीही आलं की आधी मला पाठवा. मी हो म्हणल्याशिवाय खरं मानायचं नाही."

हा नियम माझा. लक्षात ठेवा — माझा.

आणि अण्णांनी तो पाळला. काही आलं की मला पाठवायचे, खाली लिहायचे, "खरं का बाई?" मी कधी "खोटं आहे" लिहायची, कधी का खोटं आहे तेही समजावून सांगायची. ते सगळं वाचायचे. सिद्रामप्पा काकांनाही वाचून दाखवायचे.

सिद्रामप्पा काका म्हणजे अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. बाजारात त्यांचं भुसार दुकान. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. मला लहानपणापासून "अव्वा" म्हणायचे, त्यांच्याकडं लेकीला लाडानं म्हणतात तसं. रोज संध्याकाळी दोघं दुकानापुढच्या बाकड्यावर बसायचे. आता पेपरच्या जोडीला फोनही आला होता. काका चेष्टा करायचे, "म्या माधवरावला पाठवतो, माधवराव धाराशिवला पाठवतो. तिथनं शिक्का पडला की मंग खरं."

मला त्याचा अभिमान होता. का नसावा? त्याच दिवसांत मला बोलावणी यायला लागली होती — तेरला महिलांच्या मेळाव्यात, तामलवाडीला शाळेत — फसवे मेसेज कसे ओळखायचे, यावर बोलायला. मी फळ्यावर पहिलं वाक्य लिहायची : मेसेज शेवटपर्यंत वाचा.

शेवटपर्यंत वाचा. मी लिहायची.

पण दिवसाला दहा-दहा मेसेज यायला लागले. लिंबाचं पाणी, तांब्याचं भांडं, कुठल्या देवीचा फोटो पाठवला तर काय होतं. मला कंटाळा आला — हो, दुसरा शब्द नाही. उत्तरं आखूड होत गेली. खोटं असेल तर "खोटं". ठीक असेल तर नुसता अंगठा. अण्णांना अंगठाही पुरायचा.

त्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. अण्णांचा मेसेज आला. लांबलचक. पडद्यावर वरच्या पाच-सहा ओळी दिसत होत्या : सकाळी चालावं, मीठ कमी खावं, शेवग्याच्या पाल्याचा काढा रक्तदाबाला चांगला. त्याखाली "पुढे वाचा". आणि त्याच्याखाली अण्णांचं — "खरं का बाई? घेऊ का?"

अण्णांना रक्तदाब होता. गोळ्या चालू होत्या. मला हे माहीत नव्हतं का? होतं.

"पुढे वाचा"वर बोट लावायला किती वेळ लागतो?

मी अंगठा पाठवला.

लगेच उत्तर आलं, "बरं."

रविवारी नेहमीप्रमाणं फोन झाला. मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर ओट्यावर ठेवलेला. अण्णा म्हणाले, "काढा चालू केलाय गं बाई. कडसर लागतो, पण घेतोय." मी म्हणलं, "घ्या की अण्णा, शेवगा चांगलाच असतो." गोळ्यांचं ते बोलले नाहीत. का बोलतील? मी मेसेज वाचला होता ना — त्यांच्या हिशेबानं.

तीन आठवड्यांनी सकाळी तोंड धुताना अण्णा पडले. उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला. मी पोचले तेव्हा उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या का? आई रडत म्हणाली, "मेसेज आला व्हता. सिद्रामप्पांनी पाठवला व्हता. काढा घेतला की गोळ्या बंद करायच्या म्हणून त्यात लिवलं व्हतं. म्या लई सांगितलं, न्हाय ऐकलं."

मी बाहेर आले. जिन्यात बसून फोन उघडला. तो मेसेज काढला. "पुढे वाचा"वर बोट लावलं.

अगदी शेवटी होतं — काढा सुरू केल्यावर रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, नाहीतर काढा लागू पडत नाही. त्याखाली "खरं का बाई? घेऊ का?" त्याखाली माझा अंगठा.

आता सांगते. इथपर्यंतची चूक कुणाचीही होऊ शकते, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. पुढचं ऐका आधी.

मी माझ्या फोनवरून ते सगळं पुसलं. मग आत गेले. अण्णांचा फोन पिशवीत होता, चष्मा आणि टॉवेलसोबत. तो घेऊन पुन्हा जिन्यात आले. त्यातून त्यांनी मला पाठवलेला मेसेज पुसला, त्यांचा प्रश्न पुसला, माझा अंगठा पुसला, त्यांचं "बरं" पुसलं. मी संगणक शिकवते. काय पुसायचं आणि काय ठेवायचं, ते मला नीट कळत होतं. सिद्रामप्पा काकांचा मेसेज मी ठेवला. आणि फोन महेशच्या हातात देऊन म्हणलं, "हे बघ. इथून आलं."

नुसतं लपवलं नाही मी. बोट दाखवलं.

महेशनं तिथूनच काकांना फोन लावला. तो काय काय बोलला, ते सांगवत नाही. मी शेजारी उभी होते.

अण्णांना मुरुमला घरी आणलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी काका दारात आले. पांढरी टोपी हातात, चपला रस्त्यावरच काढलेल्या. महेशनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"आता काय राहिलंय बघायचं?"

"महेशा, पाया पडतो तुझ्या. म्या पाठवला, खोटं कशाला बोलू? पर म्या त्याला म्हणलो होतो, लेकीला इचार आदी. त्यानं इचारलं बी. दुसऱ्या दिशी बाकड्यावर मला म्हणाला, बाईनं व्हय म्हणलंय."

महेश माझ्याकडं वळला. आईसुद्धा. आतल्या खोलीत अण्णा खाटेवर होते, दार उघडं होतं.

"ताई, तुला विचारलं होतं का अण्णांनी?"

किती वेळ गेला असेल? एक श्वास. त्या एका श्वासात मला सगळं दिसलं — कॉलेज, मेळावे, फळ्यावरचं वाक्य, महेशचं तोंड, आईचे डोळे.

मी म्हणलं, "नाही. मला काहीच आलं नाही."

आतून अण्णांचा आवाज आला. शब्द नव्हता तो. घशातून ओढून काढलेला नुसता आवाज. आई धावत आत गेली. "बघा, तुम्हाला बघून किती त्रास होतोय त्यांना," महेश म्हणाला. काकांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. तिथं नुसता गोंधळ होता — गणित चुकलंय, पण कुठं ते सापडत नाही, तसा. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि गेले.

दुपारी मी अण्णांजवळ बसले होते. त्यांनी डाव्या हातानं कोनाड्याकडं खूण केली. तिथं त्यांचा फोन होता. मला कळलं. तरी मी पाणी पुढं केलं. त्यांनी मान हलवली. मी पांघरूण नीट केलं. त्यांनी पुन्हा कोनाडा दाखवला. आई म्हणाली, "फोन पायजे त्यांना, दे की." दिला.

त्यांनी तो छातीवर ठेवला आणि डाव्या अंगठ्यानं शोधायला लागले. माझं नाव काढलं. वर गेले. खाली आले. पुन्हा वर गेले. मीच शिकवलं होतं त्यांना, जुना मेसेज कसा शोधायचा ते. बराच वेळ ते शोधत होते. मग थांबले. फोन तसाच छातीवर राहिला आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

ते कसं बघितलं, हे मला सांगता येणार नाही. राग नव्हता. राग असता तर मी मोडले असते, सांगून टाकलं असतं — असं मी स्वतःला सांगत आले. खरं असेल का? माहीत नाही.

त्यानंतर त्यांनी फोन कधी मागितला नाही. महेश काकांना शिव्या द्यायला लागला की अण्णा डोळे मिटून घ्यायचे. ते मला वाचवत होते, की माझं तोंड बघवत नव्हतं त्यांना? मी विचारलं नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला काय विचारणार — किती सोयीचं होतं ते मला!

दोन वर्षं काढली त्यांनी. संध्याकाळी महेश त्यांची खुर्ची ओसरीवर ठेवायचा. काका दुकान बंद करून समोरच्या रस्त्यानं जायचे, खाली मान घालून. एकदा मी तिथं असताना अण्णांनी आवाज दिला. तसाच, शब्द नसलेला. काका थांबले. एक पाऊल पुढं टाकलं. आई उठली आणि तिनं अण्णांची खुर्ची आत वळवली. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. फोडत राहिले.

अण्णा गेले तेव्हा काका स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. आत आले नाहीत.

सहा महिन्यांनी मुरुमच्या स्टँडवर ते मला भेटले. मी धाराशिवच्या गाडीची वाट बघत होते. ते जवळ आले, दोन हात अंतर ठेवून उभे राहिले.

"अव्वा, एक बोलू का? तू न्हाय म्हणलीस, त्या दिवसापासनं म्या लई इचार केला. माधवराव कदी खोटं बोलला न्हाय. आन् तू बी खोटं बोलणार न्हाईस, तुला म्या लहानपणापासनं बघतो. मंग माजंच ऐकण्यात चुकलं असंल. त्यो दुसरंच काय तरी म्हणला असंल. म्हातारपणी व्हतंय असं." मग त्यांनी हात जोडले. "माज्यामुळं गेला त्यो. माफ कर मला."

गाडी लागत होती. माणसं दाराकडं पळत होती. मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मी म्हणलं, "जाऊ द्या काका. आम्ही मनात काही ठेवलेलं नाही."

ते रडायला लागले. भर स्टँडवर. सुटल्यासारखे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत चढले. खिडकीतून बघितलं तर ते अजून हात जोडून उभे होते.

माफ केलं मी त्यांना. समजतंय ना तुम्हाला? मी, त्यांना.

मेळाव्यांना मी अजून जाते. तिथं एक गोष्ट सांगते — आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची. मित्रानं पाठवलेल्या मेसेजवर विश्वास ठेवून गोळ्या बंद केल्या आणि जिवाला मुकले. बाया डोळ्याला पदर लावतात. पाठवणाऱ्याचीही जबाबदारी असते, असं मी शेवटी म्हणते. ते गृहस्थ आधी कुणाला तरी विचारून बसले होते, हे त्या गोष्टीत नसतं.

काकांनी फोन वापरणं सोडलंय. दुकान अजून चालवतात. दर सुट्टीत मी माहेरी जाते. आमच्या दारापासून त्यांच्या दुकानापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. मी गेलेले नाही.