पासवर्डच्या चौकटीतली सरूबाई

इथं लोक पिंपळावरचं, पडक्या विहिरीवरचं लिहितात. मी वाचतो आणि हसतो. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही पुरता नाही. माझ्या बाबतीत जे घडलं ते भरदिवसा, ट्यूबलाइटखाली, एका डेस्कटॉपवर घडलं. घाबरण्यासारखं त्यात फारसं नाही... लाज वाटण्यासारखं आहे, म्हणून इतके महिने गप्प होतो.

रेणापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी क्लार्क आहे. ऑफिसात दोन टेबलं — एक माझं, एक वंदनाचं. वंदना माझ्याहून बरीच लहान, मला दादा म्हणायची. कॉम्प्युटर एकच, त्यावर दोघांची वेगवेगळी लॉगिनं. पण मशीन इतकं सुस्त की सकाळी जो आधी येईल त्याचं लॉगिन उघडायचं आणि दिवसभर दोघांनी त्याच्यावरच काम उरकायचं. मध्येच स्क्रीन लॉक झाली तर माझं अडू नये म्हणून तिनं स्वतःचा पासवर्डही मला सांगून ठेवला होता. आईचं नाव — सरूबाई — आणि पुढं काही आकडे.

मागच्या वर्षी प्रात्यक्षिकाचे गुण पोर्टलवर भरायचे होते. वंदना समोरच्या हॉलमध्ये हॉलतिकिटं वाटत होती, कॉम्प्युटरवर आणि पोर्टलवरही तिचंच लॉगिन उघडं होतं. मी खुर्चीत बसलो आणि यादी पुरती न बघता शेवटचं सबमिट दाबलं. अर्ध्या वर्गाला शून्य! पुढं धावपळ करून गुण दुरुस्त झाले, पोरांचं नुकसान टळलं. पण संस्थेला कुणीतरी दोषी पाहिजेच होतं, आणि नोंद वंदनाच्या नावावर होती.

चौकशीत ती म्हणाली, "मी हॉलमध्ये होते, साहेब."

"मग मशीन उघडं टाकून का गेलात?" असं विचारून संस्थेचे सचिव माझ्याकडं वळले. "तुम्ही कुठं होता?"

"चहाला गेलो होतो," मी म्हणालो.

वंदनाला संस्थेच्या दूर किनवटकडच्या वसतिगृह शाळेत पाठवलं — तूर्तास, असं म्हणून. तिच्या आईला दिसायचं कमी झालेलं. ती इथंच राहिली, शेजारणीच्या भरवशावर. वंदना सुट्टी मिळेल तशी यायची, पण कॉलेजकडं फिरकायची नाही.

ती गेली आणि माझं लॉगिन अडायला लागलं. कधी पहिल्याच झटक्यात उघडायचं, कधी तोच पासवर्ड पुन्हापुन्हा टाकूनही 'चुकीचा'. कॅप्स लॉक बघितलं. कीबोर्ड बदलला. भाषा आपोआप मराठीवर जाते का, तेही तपासलं. आमची मशीनं सांभाळणारा लातूरचा अझर यायचा आणि त्याच्या हातानं लगेच उघडायचं.

"सर, एकदम बराबर चालून राहिलंय. तुमचंच बोट घसरतंय, चश्मा बदला."

शिपाई मावशी एकदा म्हणाल्या, "मशीन बी वंदनाताईला आठवून राहिलं असंल!" सगळे हसले. मला हसता आलं नाही.

मग एका सकाळी सचिवांचा फोन आला. वंदनाची बदली कायम करायची, पत्र टाइप करून ठेवा, संध्याकाळच्या बैठकीत सही होईल. म्हणजे सही झाली की विषय संपला. ती कायमची तिकडं, आई इकडं.

त्या दिवशी लॉगिन काही केल्या उघडेना. अझर गावातच दुसऱ्या कामाला आला होता, त्याला बोलावलं.

"पासवर्ड बोला, सर. मी टाकतो."

मी एकेक अक्षर सांगितलं. त्याची बोटं मी बघत होतो, प्रत्येक बटण बरोबर दाबत होता. एंटरच्या आधी त्यानं डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं, म्हणजे ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसतात. आणि थांबला.

"सर... ये सरूबाई कौन?"

चौकटीत इंग्रजी अक्षरांत सरूबाई, पुढच्या आकड्यांसकट.

त्यानं खोडून पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. "क्या सर, घरात भाभीला ठाऊक हाय का?" म्हणत तो हसला. माझं तोंड बघितलं आणि त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग ॲडमिनच्या लॉगिननं आत जाऊन त्यानं तोच कीबोर्ड तपासला — एकेक अक्षर बरोबर. वंदनाचं अकाउंट तर ती गेली त्याच आठवड्यात त्यानं स्वतः काढून टाकलं होतं.

माझीच बोटं सवयीनं तिचा पासवर्ड दाबतात, अशी मी समजूत घालून घेतली असती. पण बोटं अझरची होती. सरूबाई हे नाव त्यानं कधी ऐकलंही नव्हतं.

पत्र टाइप केलं नाही. गाडी काढली आणि सरळ सचिवांच्या घरी गेलो.

"साहेब, मी चहाला गेलो नव्हतो. बटण मी दाबलं."

ते म्हणाले, "मिटलं होतं ना सगळं... आत्ता कशाला सांगताय?" तरी लेखी घेतलं. वंदनाची बदली रद्द झाली. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता.

अझरनं मशीन फॉरमॅट केलं. ते नाव पुन्हा दिसलं नाही. लॉगिन मात्र अजूनही अधूनमधून अडतं. का, ते त्याला सांगता येत नाही आणि मलाही नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

बदली रद्द झाल्यावर मी वंदनाला फोन केला. फार अडखळलो. तिनंच मोकळं केलं.

"मला तवाच ठाऊक होतं, दादा. हॉलच्या खिडकीतून तुमची पाठ दिसत होती."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलताल वाटलं. चौकशीत तुमच्याच तोंडाकडं बघून राहिले होते मी."

मी म्हणालो, "आता ये परत. ऑर्डर निघाली."

"हाव, कळलं. पण आईला मागल्याच आठवड्यात इकडं आणली. तिला करमून राहिलंय इथं, पोरींचा गलका ऐकत बसती. अन् खरं सांगू का... तुमच्या बाजूच्या टेबलावर बसायला मन घेत न्हाई आता."

मी "बरं" म्हणालो. मागून कुणीतरी तिला विचारलं, "कुणाचा फोन हाय?"

"जुन्या ऑफिसातले हाएत एक," वंदना म्हणाली, आणि फोन ठेवला.