खुशालरावांचं चोपण वावर

भातकुलीच्या पुढे, पूर्णेच्या काठावरच्या त्या गावात खुशालरावांचा सल्ला कोणी विचारत नसे. ते न विचारताच देत. पानठेल्याच्या बाकावर बसून त्यांनी गावातल्या एकाही कास्तकाराला नावं ठेवायचं बाकी ठेवलं नव्हतं. अमक्याची पेरणी उतावळी, तमक्याचे बैल मरतुकडे, आणि फलाण्याच्या पऱ्हाटीच्या बोंडांपेक्षा धुऱ्यावरचं गवत बरं.

त्यांचं स्वतःचं वावर मात्र खारपाणपट्ट्यातही बदनाम होतं. माती काळी, चिकण, पण खारानं चोपण झालेली. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल आतच राहायची. उन्हाळ्यात तीच माती अशी आवळायची की कुदळ उलटी उसळावी. पाणी मुरत नसे, नुसतं साचून राही, आणि आटलं की मागं पांढरी पापडी. "देवानं समुद्र कराले घेतला अन् मधातच कंटाळला," असं म्हणून खुशालराव हात झटकत. त्यात राबायचा कंटाळा कोणाला होता, ते सगळं गाव जाणून होतं.

बांधाला बांध, धुऱ्याला धुरा लागून त्यांच्या वारलेल्या मोठ्या भावाचं तसलंच वावर होतं. ते आता वहिनी, गोदाबाई, करत. एका उन्हाळ्यात मूर्तिजापूरकडच्या भाचीच्या घरी त्यांनी असली जमीन सुधारलेली पाहिली आणि परत येऊन सरळ दिराचं घर गाठलं.

"भाऊजी, मी वावरात जिप्सम टाकून राहिली. ढैंचा पेरून हिरवाच गाडतो, खत म्हणून. पन चर खोदा लागते, नाल्यापर्यंत. तुमच्या धुऱ्याच्या कडेनं काढू द्या. तुमचंबी पानी निघून जाईन."

खुशालराव दात काढून हसले. "वहिनी, मातीले पावडर लावून ते गोरी होते काय? माह्या धुऱ्याले हात लावाचा नाई."

गोदाबाईंनी पुन्हा विनवलं नाही. त्यांच्या वावराच्या दुसऱ्या बाजूला अब्दुल सत्तारचं वावर होतं. त्याचीही जमीन पाणी साचून चिबडलेली. त्यानं वहिनींच्या बरोबरीनं लांबच्या वाटेनं, खुशालरावांच्या वावराला खालून वळसा घालून, नाल्यापर्यंत चर काढला. खुशालराव रोज जाऊन बांधावर उभे राहत आणि संध्याकाळी ठेल्यावर सांगत, "नदी कमी पडली म्हणून दोघं मिळून दुसरी खोदून राहिले!"

पहिलं वर्ष तसंच गेलं, तेव्हा खुशालराव खूश होते. पुढच्या हिवाळ्यात मात्र वहिनींच्या वावरात हरभरा उगवला. एकसारखा नाही, टकलावर केस यावेत तसा, पण उगवला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात टक्कलही भरलं. लोक पाहायला येऊ लागले. खुशालरावांनी त्या बाजूनं जाणंच सोडलं.

शेवटी त्यांनी गुपचूप जिप्सम आणलं. चर मात्र खोदला नाही. खोदला असता तर वहिनी बरोबर होत्या, असं झालं असतं! तूर पेरली. श्रावणात झड लागली आणि वावराचं तळं झालं. तूर उभ्या उभ्या पिवळी पडली, मग काळी.

"जिप्सम म्हंजे निव्वळ चुना! लोकायले लावाचा चुना!" ते ठेल्यावर गरजले.

गोदाबाई दुकानातून तेल घेऊन घरी चालल्या होत्या. त्या थांबल्या. "भाऊजी, जिप्समनं खार मातीतून सोडवला, मान्य. पन तो जाईन कोठी? दार तं तुमीच लावून घेतलं."

बाकावरचे सगळे हसले. पानवालाही हसला. खुशालराव उठून घरी गेले आणि पुढचे काही दिवस ठेला त्यांच्याविनाच चालला. त्यात कोणाचं काही अडलं नाही.

उन्हाळा लागल्यावर ते सत्तारच्या दारात जाऊन उभे राहिले. आत बोलावलं तरी गेले नाहीत. "तुह्या चराले माहा चर जोडू देतं काय?"

"काहून नाई, काका?" सत्तार म्हणाला. "पन एक सांगतो. जमिनीचा खार पानी धुऊन नेते. तोंडाचा तुमचा तुमीच पाहा."

खुशालराव "बरं" म्हणाले. असं ते जन्मात पहिल्यांदाच ऐकून घेत होते. मग चर खोदला गेला. उतार कसा ठेवायचा ते वहिनी काठावर उभं राहून सांगत आणि ते मान खाली घालून फावडं मारत. पुन्हा जिप्सम पडलं, ढैंचा गाडला गेला.

त्या पावसाळ्यातल्या एका मोठ्या झडीनंतर ते वावरात उतरले. चरातून गढूळ पाणी नाल्याकडे धावत होतं. चार पावलं टाकली. चप्पल पायातच होती. त्यांनी मूठभर माती उचलून दाबली. ती अजून चिकटच होती, पण बोटांमध्ये फुटली.

"कशी हाये?" वहिनींनी धुऱ्यावरून विचारलं.

"ठीक हाये," खुशालराव म्हणाले. आणि लगेच, "तुमचा चर तिकडं थोडा वाकडा गेला, वहिनी."