माझ्यावर चार्ज आला आहे

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी मी म्हणणार, आज याचं काय बिनसलं? त्यात दारव्ह्याच्या आमच्या गल्लीत इंग्रजी शिकलेली मुलगी मी एकटी, तेही आठवीपर्यंत. तेवढ्यावर केवढा तोरा!

एकोणीसशे साठच्या आसपास माझं लग्न वणीच्या एका मास्तराशी ठरलं. कुंकू लागलं. मुलगा मला फार आवडला होता. तेव्हा बोलायची सोय नव्हती, आता सांगते. फाल्गुनातली तारीख धरली आणि पौषात बाबांच्या नावे त्याचं पत्र आलं. 'शाळेचा चार्ज माझ्यावर आला आहे. तारीख पुढे ढकलावी ही विनंती. बाकी भेटीअंती.'

'बाकी भेटीअंती' वाचलं आणि माझा संशय जागा झाला. असं काय आहे जे लिहिता येत नाही?

"चार्ज म्हंजे काय वं?" बाबांनी विचारलं. मला धड सांगता येईना. शेजारी मोटारी दुरुस्त करणारे चाचा होते, ते हसले. "अरे भाऊ, चार्ज तर बॅटरी होते. मास्तर कसा होईन?" समोरचे रिटायर हवालदार मात्र हसले नाहीत. "चार्ज म्हंजे आरोप. चार्जशीट काय उगीच लागते?"

बाबांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, इथल्याच एखाद्या मास्तरला विचारा ना. बाबा उसळले, "मास्तरची चौकशी मास्तरपाशी? सारे एका माळेचे मनी!"

शेवटी वाचनालयातून शब्दकोश आणला. अगं बाई, एवढ्याशा शब्दाचे केवढे अर्थ! भाडं, आरोप, बंदुकीत दारू भरणं, शत्रूवर तुटून पडणं. आणि खाली, 'सोपवलेलं काम, ताबा'. हे मी वाचलं होतं, बरं का. पण मला वाटलं, काम येतं ते माणसाकडे. माणसावर येतो तो आळ. काम असतं तर त्यानं 'माझ्याकडे' लिहिलं असतं. जबाबदारीसुद्धा माणसावरच येते, हे साधं मराठी काही मला सुचलं नाही.

"तूच सांग," बाबा म्हणाले. "तू म्हनशीन तर थांबतो. नाहीतर मोडतो."

"आरोपच हाये, बाबा. कायचा ते लिहिलं नाही, म्हंजे मोठाच असन."

दुसऱ्या दिवशी नकाराचं पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं नाही. बघा, गप्प बसला, म्हणजे खरंच होतं, असं मी घरभर सांगत फिरले.

चैत्रात बाबा कामानं वणीला गेले आणि खात्री करायला म्हणून शाळेत डोकावले. परत आले ते वहाणा न काढताच ओसरीवर बसले.

"हेडमास्तर आजारी हायेत, लंब्या रजेवर. पोरगा त्याह्यच्या खुर्चीवर बसून होता. मले चहा पाजला. म्हने, काका, मराठीत लिहाले पाह्यजे होतं, माह्यी चूक झाली."

"मंग? मंग तुम्ही बोलले काहून नाही?"

बाबांनी खिशातून लग्नाची पत्रिका काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "परीक्षा सरल्या का लगन हाये त्याचं. समद्याह्यले बलावलं."

मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. पहिलीच करपली. बाबांनी तीच खाल्ली. पुढे कधीही त्यांनी मला या गोष्टीवरून बोल लावला नाही. लावला असता तर निदान भांडले तरी असते.