मुकुटाचं बक्कल

माझी शेवटची परदेशी पोस्टिंग आफ्रिकेत होती, शांतिसेनेत. मी सिग्नल्सचा नाईक. आमची पोस्ट एका टेकडीवर होती. वाळूच्या गोण्या, जनरेटर, पाण्याची टाकी आणि खाली लाल मातीचा रस्ता. पोस्ट कमांडर आमचे सुभेदार साहेब. कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटाची तुकडीही त्या मिशनवर आली होती. तिच्यातला कॉर्पोरल डेझमंड आमच्या पोस्टवर होता. मी भाईंदरजवळच्या मुर्ध्याचा, घरी होडी आणि जाळी. तोही मासेमारांच्या वस्तीतला. आमचं लगेच जमलं. ‘म्हात्रे’ त्याला कधी म्हणता आलं नाही, तो मला ‘मॅट्रे’ म्हणायचा.

त्याच्या पट्ट्याच्या पितळी बक्कलावर मुकुट कोरलेला होता. तो रोज ते घासायचा. मी एकदा विचारलं, "तुमचा देश तर स्वतंत्र आहे ना? मग हा मुकुट कुणाचा?"

"लंडनच्या राणीचा. झेंडा आमचा, सरकार आमचं, पण सैनिकाची शपथ तिच्या नावाने. माझा आजा त्याच शपथेखाली मेला, बापही. मला तसं मरायचं नाही, मॅट्रे."

मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. कळलं ते त्या सकाळी.

त्यांच्या बेटावर मध्यरात्री राणीचा झेंडा उतरणार होता आणि देश प्रजासत्ताक होणार होता. आमच्याकडे तेव्हा सकाळ. त्याच क्षणी त्यांचा प्रत्येक सैनिक, जिथे असेल तिथे, नवी शपथ घेणार होता. बेसवरून त्यांचा कॅप्टन रेडिओवर शपथ वाचणार होता. डेझमंड पहाटेच दाढी करून, बूट चमकवून तयार.

मी सेट चालू केला. नुसती खरखर. बाहेर येऊन पाहिलं तर वाऱ्याने अँटेनाची तार तुटून गवतात पडली होती.

डेझमंडने तारेचं तुटलेलं टोक उचलून माझ्या हातात दिलं.

मी पक्कड आणि नायलॉनची दोरी घेऊन टाकीवर चढलो. तार पिळून जोडली. ताण धरायला दोरी बांधली, बाबा होडीवर बांधतात त्या गाठीने. वारा जोरात होता, टाकी हलत होती. खालून सुभेदार साहेब ओरडले, "म्हात्रे, मछली नहीं, सिग्नल पकड़ना है! जल्दी कर!"

"पकड़ रहा हूँ, साहब!"

मी खाली उडीच मारली. सेटमधून आवाज आला, "ऑल स्टेशन्स, स्टँड बाय."

डेझमंड सावधानमध्ये उभा राहिला. त्याच्यामागे आमची अख्खी पोस्ट, कुणी न सांगता, सावधान. स्वयंपाकी हातातला झारा घेऊन उभा. कॅप्टन एकेक ओळ वाचत गेला, डेझमंड खणखणीत आवाजात म्हणत गेला. राणीच्या जागी संविधान, राणीच्या जागी देशाचे लोक. शपथ संपली आणि डेझमंड छाती फुगवून ओरडला, "गॉड सेव्ह द क्वीन!"

मग रेडिओवर दुसऱ्या पोस्टवरून तेच ऐकू आलं. मग तिसऱ्या. इतक्या वर्षांची सवय.

कॅप्टन म्हणाला, "जंटलमेन, तिला आपण आत्ताच निरोप दिलाय. अगेन. फ्रॉम द टॉप. ओव्हर."

आमचे जवान पोट धरून हसत होते. डेझमंडने डोकं धरलं, परत सावधान झाला आणि सगळी शपथ पुन्हा घेतली. या वेळी शेवटी त्याने देशाचं नाव घेतलं. सुभेदार साहेबांनी त्याला मिठी मारली. "मुबारक हो बेटा. हमारा छब्बीस जनवरी, तुम्हारा आज." स्वयंपाक्याने शिरा केला.

डेझमंडने बक्कल काढून माझ्या हातात ठेवलं. "राणी तुझ्याकडे ठेव. नवीन येईल तेव्हा लावेन." उरलेली नायलॉनची दोरी मागून घेतली आणि पट्टा त्या दोरीने बांधला. बाबांचीच ती गाठ मी शिकवली. साहेब म्हणाले, "ये क्या, भैंस बाँधनी है?" तो दिवसभर हसत होता.

पुढच्याच आठवड्यात डेझमंडची गाडी भूसुरुंगावर गेली. रेडिओवर मी ड्यूटीला होतो. "वन फेटल. कॉर्पोरल." एक ठार. मी मेसेज लिहून घेतला, परत वाचून दाखवला.

आता मी रिटायर होऊन भाईंदरच्या कॉलेजात बी.ए. करतोय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात उभा राहून बोलायला अजून भीती वाटते. परवा सरांनी सांगितलं की पंधरा ऑगस्टनंतरही, संविधान लागू होईपर्यंत, आपला राज्यप्रमुख ब्रिटनचा राजाच होता. मुलं म्हणाली, "खरंच, सर?" मी हात वर केला. पहिल्यांदाच. आणि डेझमंडची गोष्ट सांगितली.

वर्गात एक सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो. त्याला बेसवर आणलं तेव्हा मी आणि साहेब सलामीला गेलो होतो. नवीन बक्कलं अजून आली नव्हती. शवपेटीवर त्याच्या देशाचा झेंडा होता. आत, त्याच्या कमरेला, माझ्या बाबांची गाठ.